बाप्तिस्मा राहून गेला तर तारण होतं का? पहिल्या ख्रिस्ती पिढ्या काय म्हणत होत्या?

ओंजळ

गेल्या वर्षी माझी आत्या गेली. साठी उलटल्यावर तिनं बायबलमधला नवा करार हातात घेतला, दोन वर्षं रोज पहाटे वाचला आणि मग बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात उतरून ख्रिस्ती होण्याचा विधी, घ्यायचं ठरवलं. दिवस ठरला होता. त्याच्या नऊ दिवस आधी ती झोपेतच गेली. अंत्यविधीच्या वेळी तिच्या ओळखीच्या एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "विश्वास होता हो तिचा, पण पाणी राहिलं." त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, टोचून बोलायचं नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आत्याची वही मात्र माझ्याकडे आली आहे. एका पानावर तिनं मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेत. डावीकडे लिहिलंय 'पाणी हवं', उजवीकडे 'पाण्यावाचून'. डाव्या बाजूला बायबलमधली ही वचनं: योहान ३:५, प्रेषितांची कृत्ये २:३८, १ पेत्र ३:२१ आणि मार्क १६:१६. उजव्या बाजूला लूक २३:४३ (म्हणजे वधस्तंभावरचा चोर), रोमकरांस ४, इफिसकरांस २:८-९ आणि १ करिंथकरांस १:१७. आणि खाली, बरोबर मधल्या रेघेवर, शिसपेन्सिलीनं: 'कर्नेल्य? कुठल्या बाजूला?'

आजचा कुठला पंथ काय मानतो हे मला विचारायचं नाही. ते विचारलं की जो तो आपापलं सांगतो. मला पहिल्या तीन-चारशे वर्षांतलं हवं आहे. त्या लोकांच्या मते विधी झाल्याशिवाय तारण, म्हणजे देवाकडून मिळणारी सुटका, नव्हतंच का? आणि आत्यासारखं आणखी कुणाचं झालं असेलच ना तेव्हा? त्या माणसाबद्दल ते काय बोलले?

पैलथडी

ओंजळताई, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या मोठ्या माणसांचे वर्ग मी बरीच वर्षं घेतो आहे. कर्नेल्याचा प्रश्न वर्गात फार थोड्यांना सुचतो. त्याच्याकडे येतो, पण जरा मागून सुरुवात करतो.

'हा विधी झाला नाही तर तुमचं तारण नाही' हे वाक्य ख्रिस्ती मंडळीत पहिल्यांदा भांडणाचं कारण झालं ते सुंतेवरून. यहूदियातून काही जण अंत्युखियात आले आणि शिकवू लागले की मोशेच्या रीतीप्रमाणे सुंता झाली नाही तर तारण व्हायचं नाही (कृत्ये १५:१). इ.स. ४९ च्या सुमारास यावर जेरुसलेमात बैठक झाली आणि परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, सुंतेची सक्ती नको असं ठरलं. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहा, एवढंच सांगितलं. ते ठरलं म्हणून सगळ्यांच्या मनातून गेलं असं नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवायला बसायचा, आणि जेरुसलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आल्यावर हळूहळू बाजूला व्हायला लागला. परराष्ट्रीयांत प्रचार करणाऱ्या पौलानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. गलतीकरांच्या पत्रात तो राग अजून ताजा आहे.

आत्यांनी उजव्या रकान्यात टाकलेला रोमकरांचा चौथा अध्याय तर चक्क वयाच्या हिशोबावर उभा आहे. अब्राहामाचा विश्वास त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणला गेला, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात. सुंता सतराव्यात, तो ९९ वर्षांचा असताना. मधे इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा. म्हणजे देवानं आपलं म्हटल्यानंतर निदान तेरा वर्षांनी विधी झाला. पौल सुंतेला शिक्का म्हणतो, आणि शिक्का कागद लिहून झाल्यावरच मारतात.

इथेच थांबून 'बघा, विधीची गरज नाही' म्हणणारे घाई करतात. हाच पौल दोन अध्याय पुढे जाऊन लिहितो की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं. सुंता काढून टाकणाऱ्या माणसानं पाणी ठेवलं आहे. मात्र त्याच्या लेखी पाण्याचं मोल कशात होतं ते करिंथकरांच्या पत्रात दिसतं. मंडळीत तट पडले होते, कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा. तो म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडले तर मी तुमच्यापैकी कुणाचाच बाप्तिस्मा केला नाही. मग लगेच आठवतं: हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला, आणखी कुणाचा केला असला तर लक्षात नाही. पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं, त्यामुळे बोलता बोलता केलेली ती दुरुस्ती तशीच राहून गेली. मला ती ओळ फार प्रिय आहे. कुणी कुणाला पाण्यात उतरवलं याची नोंद ठेवावी असं त्याला वाटतच नव्हतं. पण ज्यांना तो लिहितोय त्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, हे तो धरून चालतो.

आता कर्नेल्य. कैसरियातला रोमी शतपती. पेत्राचं बोलणं अजून संपलेलं नाही आणि ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. दोनच अध्याय आधी शोमरोनात नेमकं उलट झालेलं: तिथे पाणी आधी, आणि आत्मा जेरुसलेमहून पेत्र आणि योहान येऊन त्यांनी हात ठेवल्यावर. कर्नेल्याच्या घरी पेत्र म्हणू शकला असता की मिळायचं ते मिळालं, आता पाणी कशाला? तो विचारतो, यांना पाण्यापासून कोण अडवू शकेल? देवानं ज्यांना आपलं म्हटलं त्यांना नाही म्हणणारे आपण कोण, एवढंच त्याला दिसलं. तुमच्या आत्यांनी कर्नेल्याला बरोबर मधल्या रेघेवर ठेवलंय. मला तरी त्याची जागा तीच वाटते.

मार्क १६:१६ बद्दल एक सांगून ठेवतो. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवरच संपतं. पुढचा भाग तिथे नाही. आणि तो भाग धरला तरी त्या वचनाचं दुसरं अर्ध वाचा. दोषी कोण, तर विश्वास न धरणारा. पाणी न मिळालेल्याचं नाव तिथे नाही.

कोरा कागद

पैलथडी, पौलाबद्दल तुमचं पटलं. पण प्रश्न पहिल्या चारशे वर्षांचा आहे, आणि तो काळ आपण आपल्या मनासारखा मऊ करून घेतोय असं मला वाटतं. कडक बाजू कुणीतरी नीट मांडायला हवी. ओंजळताई, तुम्हाला दुखवायचं नाही, हे आधीच सांगतो.

दुसऱ्या शतकात 'विधीची गरज नाही' म्हणणारे लोक होतेच. लियाँचा बिशप इरेनियस १८० च्या सुमारास अशा गटांबद्दल लिहितो. त्यांचं म्हणणं असं की जे शब्दांत मावत नाही त्याचं रहस्य डोळ्यांना दिसणाऱ्या, नाशवंत वस्तूंनी साजरं करूच नये. खरं ज्ञान झालं, त्यातच सुटका आली. ऐकायला हे किती उदात्त वाटतं! मंडळीनं ते ऐकलं आणि नाकारलं. पाणी, तेल, भाकर हलकी म्हटली की शरीर हलकं होतं, आणि शरीर हलकं झालं की येशूचं माणूस होणं, मरणं, उठणं यातलं काहीच उरत नाही. विधीचा आग्रह नुसता नियमाच्या प्रेमापोटी नव्हता, हे मला सांगायचं आहे.

दुसरा माणूस उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान. इ.स. २०० च्या आसपास त्यानं बाप्तिस्म्यावर लिहिलं. फक्त याच विषयावर लिहिलेलं आपल्यापर्यंत पोचलेलं सगळ्यात जुनं पुस्तक ते. निमित्त असं की एक बाई कार्थेजात बाप्तिस्म्याविरुद्ध शिकवत होती आणि बरेच जण तिच्या मागे गेले होते. तेराव्या प्रकरणात तो विरुद्ध बाजूचा युक्तिवाद देतो: अब्राहामानं पाण्याच्या विधीवाचून, केवळ विश्वासानं देवाला संतोषवलं, मग आम्हाला विश्वास का पुरू नये? म्हणजे आत्यांचा उजवा रकाना १८०० वर्षांपूर्वी कुणीतरी मांडला होता. तर्तुल्यानचं उत्तर असं: ख्रिस्त जन्मून, मरून, उठेपर्यंत नुसता विश्वास पुरे होता. आता विश्वासाचा आवाका वाढलाय, म्हणून त्याला बाप्तिस्म्याचा शिक्का हवा. पूर्वी विश्वास उघडा होता, आता त्याला वस्त्र मिळालं आहे.

त्याच पुस्तकात आधी तो म्हणतो की लोकांना अडतं ते या कृतीच्या साधेपणापाशी. थाट नाही, खर्च नाही, माणूस पाण्यात उतरतो, दोन-चार शब्द उच्चारले जातात, आणि वर येतो तेव्हा तो फारसा स्वच्छही झालेला नसतो. एवढ्यानं अनंतकाळचं जीवन मिळतं हे लोकांच्या गळी उतरत नाही.

मग चौथं शतक. ३५० च्या सुमारास जेरुसलेमचा सिरिल बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना शिकवताना स्पष्ट सांगतो: बाप्तिस्मा नाही तर तारण नाही, अपवाद फक्त हुतात्म्यांचा. आणि ३८१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाझियान्झसचा ग्रेगरी, इच्छा असली की झालं असं म्हणणाऱ्यांना उत्तर देतो. खून करायची नुसती इच्छा असलेल्याला तुम्ही खुनी ठरवणार असाल, तर बाप्तिस्म्याची नुसती इच्छा असलेल्यालाही बाप्तिस्मा झालेला म्हणा. याहून सरळ काय सांगायचं?

ओंजळ

कोरा कागद, दुखावले नाही. कुणी गोड बोलून समजूत काढावी म्हणून धागा काढला नव्हता.

पण दोन गोष्टी अडतात. 'अपवाद फक्त हुतात्म्यांचा' असं म्हटलं, तर तो अपवाद तरी कसा बसतो? नियम पाण्याचा असेल तर तिथे रक्त कसं चालतं? आणि ग्रेगरी हे कुणाला बोलत होता? समोर कोण बसलं होतं?

पैलथडी

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण सगळं तिथेच आहे.

ग्रेगरीसमोर धडधाकट माणसं बसली होती, बाप्तिस्मा पुढे ढकलणारी. त्या काळात हे फार चालायचं. बाप्तिस्म्यानं आधीची सगळी पापं धुतली जातात, आणि नंतर मोठं पाप झालं तर वाट बिकट. मग शेवटी घेऊ ना, घाई कशाला? सम्राट कॉन्स्टंटाइननं ३३७ मध्ये मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला. पुढे मोठा धर्मशास्त्री झालेला ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला तेव्हा त्याच्या आईनं, मोनिकानं, बाप्तिस्म्याची तयारी केली, आणि मुलगा बरा होताच पुन्हा लांबणीवर टाकली. 'इच्छा आहे की' हे अशा लोकांचं पांघरूण होतं. ग्रेगरी ते ओढून काढतोय.

कोरा कागद, त्याच भाषणात तो बाप्तिस्मा न मिळालेल्यांचे प्रकार पाडतो, तेही वाचा. एक, तुच्छ मानणारे. दुसरे, आळसानं टाळणारे. तिसरे, ज्यांना घेताच आला नाही: तान्ही मुलं, किंवा ज्यांच्यावर अचानक काही ओढवलं असे. या तिसऱ्यांना तो शिक्षेत धरत नाही. मात्र ओंजळताई, तुम्ही खरं मागितलंय म्हणून हेही सांगतो, तो त्यांना गौरवातही बसवत नाही. ना गौरव, ना शिक्षा, असं म्हणून सोडतो. ते वाचताना मला दरवेळी त्याच्या तरुणपणीचा प्रवास आठवतो. अलेक्झांड्रियाहून अथेन्सला जाताना जहाज वादळात सापडलं आणि बाप्तिस्म्यावाचून मरू या भीतीनं तो आकांत करत पडून राहिला. चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि याला हवं ते पाणी मिळालेलं नाही. त्याचा कडकपणा त्या जहाजावरून आला असावा असं मला वाटतं.

आता रक्ताचं. मुळात येशूच आपल्या मरणाला बाप्तिस्मा म्हणतो (मार्क १०:३८, लूक १२:५०). तिथून हा धागा सुरू होतो. कार्थेजमध्ये ७ मार्च २०३ ला पर्पेतुआ नावाच्या ख्रिस्ती तरुणीला आणि तिच्या सोबत्यांना रिंगणात जनावरांपुढे सोडलं. पर्पेतुआचा बाप्तिस्मा पहाऱ्यात असतानाच झाला होता. तिचा सोबती सातुरस. बिबट्यानं एकदाच चावा घेतला आणि तो रक्तानं न्हाऊन निघाला. गर्दी ओरडली, 'साल्वुम लोतुम!' सार्वजनिक स्नानगृहातून अंघोळ करून आलेल्या माणसाला म्हणायचं ते वाक्य, 'छान अंघोळ झाली, सुखरूप राहा' अशा अर्थाचं. लोक चेष्टा करत होते. हकिकत लिहिणाऱ्यानं तेच शब्द उचलले आणि म्हटलं, ही त्याच्या दुसऱ्या बाप्तिस्म्याची साक्ष. 'साल्वुम' या शब्दातच तारण आहे, हे त्या गर्दीला कुठे माहीत होतं.

पुढे कार्थेजचाच बिशप सिप्रियान. 'मंडळीबाहेर तारण नाही' हे वाक्य त्याच्या त्र्याहत्तराव्या पत्रातलं, २५६ च्या सुमाराचं. पण ते पत्र शेवटपर्यंत वाचलं तर दोन गोष्टी सापडतात. बाप्तिस्म्याआधीच मारल्या गेलेल्या उमेदवारांना तो बाप्तिस्म्याविना गेलेले म्हणत नाही, त्यांना सगळ्यात मोठा बाप्तिस्मा मिळाला म्हणतो, आणि वधस्तंभावरच्या चोराचा दाखला देतो. त्याच्या पुढेच एक अवघड प्रश्न येतो. पाखंडी गटांतून आलेल्यांना पूर्वी पुन्हा पाणी न देताच मंडळीत घेतलं, आणि ते तसेच वारले. सिप्रियानच्या मते आधीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हता, म्हणजे त्याच्या लेखी हे लोक विनाबाप्तिस्म्याचे. त्यांचं काय? तो म्हणतो, प्रभू आपल्या दयेनं त्यांना क्षमा करायला समर्थ आहे. सगळ्यात कडक वाक्य लिहिणारा माणूस त्याच पत्रात हे लिहितो.

आणि ओंजळताई, तुमच्या आत्यासारखं ज्याचं झालं तो माणूस पश्चिमेचा सम्राट होता. व्हॅलेंटिनियन दुसरा, जेमतेम एकवीस वर्षांचा. तो गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) व्हिएन गावी होता. त्यानं मिलानच्या बिशपला, अम्ब्रोजला, निरोप पाठवला की या, मला बाप्तिस्मा तुमच्या हातून हवा. अम्ब्रोज निघाला. तो पोचायच्या आत, मे ३९२ मध्ये, व्हॅलेंटिनियन मेलेला सापडला. देह मिलानला आणला. त्याच्या बहिणी रडत होत्या, आणि त्यांच्या रडण्यात तेच होतं जे त्या बाईंनी तुम्हाला म्हटलं: पाणी राहिलं.

अम्ब्रोज शवपेटीपाशी उभा राहून त्यांना विचारतो, आपल्या हातात इच्छेशिवाय, मागण्याशिवाय दुसरं असतं तरी काय? त्यानं मागितलं होतं, आणि ज्यानं मागितलं त्याला मिळालं. हुतात्मे आपल्या रक्तात धुतले जातात, तर याला याच्या भक्तीनं आणि इच्छेनं धुतलं.

हाच अम्ब्रोज उमेदवारांच्या वर्गात काय शिकवायचा? उमेदवार वधस्तंभावर विश्वास ठेवतो, कपाळावर खूणही घेतो, पण बाप्तिस्मा झाल्याशिवाय त्याला पापांची क्षमा मिळत नाही. दोन्ही त्याचंच. मला यात खोट दिसत नाही. वर्गात समोर बसलेला माणूस उद्या पाण्याकडे चालत जाऊ शकतो, त्याला 'चल' असंच म्हणायचं असतं. शवपेटीतल्या माणसाला 'चल' म्हणून काय उपयोग? तिथे देवाकडे बघून बोलायचं. मीही वर्गात कडकच बोलतो.

दगडफूल

एवढ्या मोठ्या नावांमध्ये एक छोटं नाव सांगू का? रोमच्या प्रिस्किल्ला भुयारी दफनभूमीतला एक कोरीव दगड आहे, बहुधा तिसऱ्या शतकातला. फ्लोरेन्टियस नावाच्या बापानं मुलासाठी लावलेला. मुलाचं नाव अप्रोनियानस, वय एक वर्ष नऊ महिने पाच दिवस. दगडावर लिहिलंय की आजीचा त्याच्यावर फार जीव होता, आणि तो जाणार हे दिसल्यावर तिनं मंडळीकडे मागणं केलं की त्यानं विश्वासणारा म्हणून जग सोडावं.

त्याआधी कार्थेजला तर्तुल्यान लिहून गेला होता की लहान मुलांना घाई करू नका, निष्पाप वयाला क्षमेची कसली गडबड? आणि तिथेच पुढे म्हणतो की पुरता विश्वास असेल तर तारणाची काळजी नाही. कोरा कागद, तुमच्या कडक तर्तुल्यानचंच हे वाक्य, अठराव्या प्रकरणातलं. आजीला ते माहीत असतं तरी ती थांबली असती असं मला वाटत नाही. आजारी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली बाई 'आवश्यक आहे का' असं विचारत नाही. आहे ते सगळं त्याला मिळावं एवढंच तिला कळतं.

कोरा कागद

अम्ब्रोजचं भाषण मी वाचलं नव्हतं. आज बसून वाचलं. ग्रेगरीचं वाक्य मी मागचं-पुढचं न बघता टाकलं, हेही कबूल करतो. ज्यात आळशांना झापलंय ते वाक्य मी एका मेलेल्या बाईंच्या बाबतीत वापरलं. चूक झाली, ओंजळताई.

तरी एक गोष्ट सोडवत नाही. ऑगस्टीननं सांगितलेली व्हिक्टोरिनसची हकिकत. रोममधला नामांकित वक्तृत्वशिक्षक, त्याचा पुतळा त्राजानच्या चौकात उभारलेला. म्हातारपणी तो पवित्र शास्त्र वाचू लागला आणि सिम्प्लिसियानस नावाच्या मित्राला खासगीत म्हणायचा, मी आता ख्रिस्तीच आहे बरं का. मित्र म्हणायचा, मंडळीत दिसाल तेव्हा मानीन. यावर व्हिक्टोरिनस हसून विचारायचा, भिंतींनी का माणूस ख्रिस्ती होतो? असं पुष्कळदा झालं. खरं कारण भीती होती, मोठमोठे मित्र दुखावतील ही. मग एक दिवस अचानक तोच म्हणाला, चला, मंडळीत जाऊ, मला ख्रिस्ती व्हायचंय. सगळ्यांसमोर विश्वास बोलून दाखवायची वेळ आली तेव्हा, अवघड वाटत असेल तर खासगीत करू, असं वडीलधाऱ्यांनी सुचवलं. त्यानं नको म्हटलं. तो उभा राहिला आणि सगळीकडून कुजबुज उठली, 'व्हिक्टोरिनस, व्हिक्टोरिनस'.

त्याच्या प्रश्नाचं शब्दांतलं उत्तर असं कुणी दिलंच नाही. तो उठून गेला, एवढंच. 'मनात आहे ना, मग पुरे' म्हणणाऱ्यांना मी अजूनही ही हकिकत ऐकवीन. तुमच्या आत्यांना ऐकवायची गरज नव्हती. त्या निघाल्या होत्या.

ओंजळ

सगळं दोनदा वाचलं. व्हॅलेंटिनियनच्या बहिणींपाशी बराच वेळ थांबले.

वहीच्या शेवटच्या पानावर आत्यानं त्या दिवसाची यादी केली आहे. टॉवेल. कोरडे कपडे. चष्मा कुणाकडे द्यायचा. या तिन्हींपुढे बरोबरची खूण आहे, फक्त चष्म्यापुढे प्रश्नचिन्हही. चौथी ओळ: 'पाणी कोमट चालेल का, विचारणे.' तिला संधिवात होता, गार पाण्यानं गुडघे धरायचे. या ओळीपुढे खूण नाही. संकोचामुळे विचारलं नसेल, किंवा राहून गेलं असेल.

पैलथडी, तुम्ही वर्ग घेता म्हणून विचारते. चाललं असतं का?

पैलथडी

चाललं असतं. आणि हे माझं मत नाही, लिहून ठेवलेलं आहे. डिडाखे म्हणून एक छोटी जुनी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. कित्येक शतकं तिचं फक्त नाव माहीत होतं. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथिओस ब्रिएनिओस यांना १०५६ सालच्या एका हस्तलिखितात ती सापडली, आणि १८८३ मध्ये छापून आली. बाप्तिस्मा कसा द्यायचा याच्या नव्या कराराबाहेरच्या सगळ्यात जुन्या सूचनांपैकी एक तिच्या सातव्या प्रकरणात आहे. वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार पाण्यात जमत नसेल तर कोमट पाण्यात. दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता.

कोमट पाण्याची सोय इतक्या लवकर कुणीतरी लिहून ठेवली, म्हणजे तेव्हाही कुणाचे तरी गुडघे दुखत असतील, कुणीतरी आजारी असेल, आणि कुणीतरी संकोच सोडून विचारलं असेल. विचारणाऱ्याला हाकलून न देता उत्तर दिलं, आणि ते पुढच्यांसाठी उतरवून ठेवलं.

त्या ओळीपुढे तुम्ही खूण करा. चष्मा मी धरून उभा राहतो.